नंबर काढला, पण डोळा तपासला का? : वाचकांच्या प्रश्नांना ऑप्टोमेट्रिस्टची उत्तरे

मागील अंकात या सदराची सूचना प्रसिद्ध झाल्यानंतर ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी आणि पनवेल या भागांतून बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. आजाराशी कोणाचे नाव जोडले जाऊ नये म्हणून पत्रलेखकांचे केवळ ठिकाण दिले आहे. डोळा अचानक लाल होऊन दुखणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा डोळ्याला मार लागणे अशा तक्रारी ज्यांनी कळवल्या आहेत, त्यांनी उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्ररोगतज्ज्ञांकडे जावे, ही विनंती.

प्रश्न : नौपाड्यातील आपल्या केंद्राच्या पाटीवर आपल्या नावामागे ‘डॉ.’ लिहिलेले नाही, तरीही आपण डोळे तपासता. आपले शिक्षण नेमके काय झाले आहे? आपण तपासल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जावे लागते का? शिवाय चष्म्याच्या दुकानात तपासणी विनामूल्य होत असताना आपल्याकडे शुल्क का द्यावे? स्पष्ट विचारल्याबद्दल राग नसावा.
(एक ज्येष्ठ नागरिक, ठाणे पश्चिम)

उत्तर : राग मुळीच नाही. हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने प्रत्येक तपासनीसाला विचारावा, असे मला मनापासून वाटते.

डोळ्यांच्या क्षेत्रात आपल्याकडे तीन वेगवेगळ्या प्रकारची माणसे काम करतात आणि पुष्कळदा ती एकच समजली जातात. नेत्ररोगतज्ज्ञ हे आधी एमबीबीएस होतात आणि त्यानंतर नेत्रशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतात. डोळ्यांच्या रोगांवर औषधोपचार आणि शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार त्यांचा. ऑप्टिशियन हे दिलेल्या नंबरप्रमाणे भिंगे घासून, बसवून चष्मा तयार करतात आणि तो चेहऱ्यावर नीट बसवून देतात. हे काम कौशल्याचे आहे आणि ते बिघडले तर अचूक नंबरही वाया जातो. या दोघांच्या मध्ये ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टी तपासून नंबर ठरवणारा, येतो. मी ऑप्टोमेट्रीची चार वर्षांची पदवी घेतली आहे. त्यातील तीन वर्षे महाविद्यालयात प्रकाशशास्त्र, डोळ्यांची रचना व कार्य, दोन्ही डोळ्यांचा परस्पर मेळ, कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांच्या रोगांची ओळख यांचा अभ्यास झाला, आणि चौथे वर्ष रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात व नेत्रशिबिरांत प्रत्यक्ष काम करण्यात गेले. ही वैद्यकीय पदवी नाही, म्हणून नावामागे ‘डॉ.’ नाही.

भारतात या विषयाचे रीतसर शिक्षण १९५८ मध्ये अलीगढ येथील गांधी नेत्र रुग्णालयात आणि हैदराबाद येथील सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयात सुरू झाले. १९८५ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री काढले आणि तेथून चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला जोर आला. असे असूनही कायद्याने आमची दखल घ्यायला २०२१ उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि नेत्रविज्ञानाच्या गटात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश झाला. तोवर आमच्यातील पात्र माणूस आणि चार महिने दुकानात उभा राहून शिकलेला माणूस यांत फरक करण्याचे कोणतेही साधन सामान्य माणसाच्या हाती नव्हते. माझ्या मते या व्यवसायाचे सर्वांत मोठे नुकसान त्यानेच झाले.

आता तपासणीविषयी. दुकानात यंत्रासमोर हनुवटी टेकवली की काही सेकंदांत एक चिठ्ठी बाहेर येते. त्या चिठ्ठीवरील आकडा हा नंबरचा अंदाज असतो आणि खरे काम तेथून पुढे सुरू होते. मी आधी रुग्णाचे काम, आजार, चालू औषधे आणि घरातील कोणाला काचबिंदू आहे का, हे विचारते. मग प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे मोजते. तक्त्यावरील ६/६ याचा अर्थ असा की, निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ वाचता येते ती आपणही सहा मीटरवरून वाचली. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून दिसते, त्यासाठी आपल्याला सहा मीटरवर यावे लागले. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही चालते. आमच्या भागातील छोट्या गाळ्यांत सहा मीटरची खोली मिळत नाही, म्हणून आरशाचा उपयोग करून ते अंतर साधले जाते. त्यानंतर रेटिनोस्कोपने डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवून नंबर ठरवणे, ट्रायल फ्रेममध्ये भिंगे घालून तो रुग्णाकडून पडताळून घेणे, दोन्ही डोळे एकत्र काम करतात का ते पाहणे, बाहुलीची प्रकाशाला मिळणारी प्रतिक्रिया, स्लिट लॅम्पवर (दिवा जोडलेल्या सूक्ष्मदर्शकावर) डोळ्याचा पुढील भाग, डोळ्यातील दाब आणि दृष्टिपटलाकडे, म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्याकडे, एक नजर, असा क्रम असतो.

या सर्वांत एक साधी चाचणी मला फार मोलाची वाटते. भिंगे घालूनही रुग्णाला खालच्या ओळी वाचता येत नसतील, तर मी त्याच्या डोळ्यापुढे बारीक छिद्र असलेली काळी चकती धरते. छिद्रातून स्पष्ट दिसले, तर दोष बहुधा नंबरचाच आहे आणि मला अजून शोधले पाहिजे. छिद्रातूनही सुधारणा झाली नाही, तर अडचण बहुधा भिंगाने सुटणारी नाही. ती मोतीबिंदूत, दृष्टिपटलात किंवा दृष्टिचेतेत (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत) असू शकते. अशा रुग्णाला मी चष्मा देत नाही, चिठ्ठी देऊन नेत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे : प्रत्येकाला पुढे जावे लागत नाही, पण कोणाला जावे लागेल हे वेळेवर ओळखणे हेच माझ्या शिक्षणाचे मुख्य प्रयोजन आहे.

शुल्काबद्दल सांगायचे, तर विनामूल्य तपासणीचा खर्च चष्म्याच्या किमतीतून निघतो. त्यात गैर काही नाही, मात्र तेथे तपासणीचा शेवट चष्म्यातच व्हावा अशी ओढ निर्माण होते. मी वेळेचे शुल्क घेते आणि नंबरचा कागद रुग्णाच्या हाती देते. तो कागद आपला आहे. त्यावरून चष्मा कोठेही करून घ्यावा. कोणी कागद देण्यास टाळाटाळ केली, तर तो आग्रहाने मागून घ्यावा.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी उणे एकचा चष्मा लागला, आता तो उणे अडीच झाला आहे. सासूबाई म्हणतात की चष्मा सतत लावल्यानेच नंबर वाढतो, म्हणून तो फक्त शाळेत लावावा. शेजारच्या बाईंनी गाजराचा रस आणि डोळ्यांचे व्यायाम सुचवले आहेत. एका ठिकाणी थोडा कमी नंबर द्या, डोळ्यांना सवय होईल, असाही सल्ला मिळाला. मी काय करावे?
(एक आई, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : ताई, आपल्या सासूबाईंची काळजी खरी आहे, पण कारण उलट बाजूने लावले गेले आहे. मुलीचा नंबर वाढतो आहे, कारण तिचे नेत्रगोल मागच्या बाजूने लांब होत आहेत. जन्माच्या वेळी बाळाचा डोळा सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो आणि मोठेपणी तो २४ मिलिमीटरच्या आसपास स्थिरावतो. लघुदृष्टी, म्हणजे दूरचे धूसर दिसण्याचा हा उणे नंबरचा दोष, असलेल्या मुलांत ही वाढ थांबायची तेथे थांबत नाही. एखाद्या मिलिमीटरची जास्त लांबी म्हणजे उणे अडीच ते तीनचा फरक. चष्मा ही लांबी वाढवत नाही. तो फक्त प्रतिमा दृष्टिपटलावर नीट आणून ठेवतो.

नंबर मुद्दाम कमी देण्याची कल्पना जुनी आहे आणि ती तपासूनही पाहिली गेली आहे. मलेशियातील मुलांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांची लघुदृष्टी पूर्ण नंबर दिलेल्या मुलांपेक्षा अधिक वेगाने वाढल्याचे दिसले. तेव्हा तो सल्ला बाजूला ठेवावा. गाजरातून मिळणारे अ जीवनसत्त्व रातांधळेपणा टाळण्यासाठी आवश्यक आहे, मुलीला गाजर जरूर द्यावे. नेत्रगोलाची लांबी मात्र त्याने कमी होत नाही. व्यायामानेही होत नाही.

मग उपयोग कशाचा होतो? सर्वांत आधी उघड्यावरचा उजेड. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांच्या शाळेच्या दिवसात रोज ४० मिनिटांचा घराबाहेरील तास वाढवला गेला आणि तीन वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. ज्या शाळांत हा तास नव्हता तेथे ३९.५ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली, आणि जेथे होता तेथे ३०.४ टक्के मुलांना. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उजेडाचा हा फायदा चष्मा लागण्यापूर्वी जास्त आणि लागल्यानंतर कमी असतो, हेही मी आपल्यापासून लपवत नाही. तरीही तो मोफत आहे आणि त्याचा अपाय नाही. घोडबंदर पट्ट्यात पंचविसाव्या मजल्यावरचे घर, तळघरातून निघणारी शाळेची बस आणि संध्याकाळी क्लास, असा दिवस असणारी मुले मी रोज पाहते. त्यांच्या दिवसात आकाशाखाली घालवलेला वेळ शोधूनही सापडत नाही. क्लासच्या आधी सोसायटीच्या मैदानावर, सुटीच्या दिवशी उपवन तलावाकाठी किंवा येऊरच्या वाटेवर, जसे जमेल तसे, रोज दीड-दोन तास तिला बाहेर राहू द्यावे. सावलीत खेळली तरी चालेल. घरातील दिव्यांपेक्षा सावलीतला उजेडही कितीतरी पटींनी जास्त असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तिचा नंबर बाहुली मोठी करणारे थेंब घालून एकदा तपासून घ्यावा. लहान मुलांची जवळचे पाहण्याची शक्ती फार मोठी असते. तपासताना ती शक्ती नकळत वापरली गेली, तर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त उणे नंबर दाखवते. थेंबांनी ती शक्ती काही तास शिथिल होते आणि खरा आकडा मिळतो. थेंबांना घाबरू नये. त्या दिवशी जवळचे धूसर दिसेल आणि ऊन सहन होणार नाही, एवढेच.

तिसरी गोष्ट म्हणजे वाढीचा वेग कमी करणारे उपाय. अॅट्रोपिनचे अत्यंत सौम्य थेंब रात्री घालण्याचा उपचार आज भारतात नेत्ररोगतज्ज्ञ देतात. कडेच्या भागात वेगळी शक्ती असलेली खास चष्म्याची भिंगेही मिळतात. हाँगकाँगमधील दोन वर्षांच्या चाचणीत अशा एका भिंगाने वाढ साध्या भिंगांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आणली. ही भिंगे महाग आहेत. घरातील इतर खर्चांचा विचार करून आणि तज्ज्ञांशी बोलूनच निर्णय घ्यावा, कोणत्याही विक्रेत्याच्या घाईला बळी पडू नये. दोन वर्षांत दीडने वाढ ही दुर्लक्ष करण्यासारखी नाही, कारण पुढे उणे सहाच्या पलीकडे गेलेल्या डोळ्यांत दृष्टिपटल फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका वाढतो. दर सहा महिन्यांनी तपासणी ठेवावी. आणि चष्मा तिला दिवसभर लावू द्यावा.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका कंपनीत संगणकावर नऊ-दहा तास काम करतो, वय ३८. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, डोके दुखते, पडद्यावरील अक्षरे पुसट होतात. चष्म्याच्या दुकानात निळा प्रकाश अडवणारी भिंगे घेण्याचा सल्ला मिळाला आणि त्यासाठी बरेच जादा पैसे सांगितले. घ्यावीत का?
(एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : केवळ या तक्रारीसाठी घेऊ नयेत. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. निळा प्रकाश अडवणाऱ्या भिंगांमुळे संगणकाने येणारा डोळ्यांचा थकवा साध्या भिंगांच्या तुलनेत, निदान थोड्या कालावधीत तरी, कमी होत असल्याचे त्यात आढळले नाही. पडद्यातून येणारा निळा प्रकाश हा दुपारच्या आभाळाच्या मानाने अगदी क्षीण असतो.

आपल्या तक्रारीचे कारण बहुधा पापण्यांत आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्यापेक्षाही खाली जाते, आणि पुष्कळदा पापणी पूर्ण मिटतही नाही. वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा अश्रूंचा थर आणखी लवकर वाळवते. एसीचा झोत चेहऱ्यावर येणार नाही अशी जागा मागून घ्यावी. पडद्याचा वरचा काठ नजरेच्या किंचित खाली आणि हातभर अंतरावर असावा, म्हणजे डोळे कमी उघडे राहतात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूर पाहून काही वेळा पापण्या पूर्ण मिटाव्यात.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यावीच. आजवर चष्मा न लागलेल्या अडतीस वर्षांच्या माणसाला थोडासा प्लसचा (अधिक चिन्हाचा) नंबर असू शकतो, जो तरुणपणी डोळा स्वतःच्या ताकदीने झाकून नेत असतो. चाळिशी जवळ येते तशी ती ताकद उतरते आणि संध्याकाळी डोकेदुखीच्या रूपाने हिशेब समोर येतो. असे असल्यास साध्या भिंगाचा योग्य नंबरचा चष्मा पुरेसा आहे.

प्रश्न : मी वाशीच्या भाजी बाजारात व्यापारी आहे, वय ५२. गेली आठ वर्षे वाचायला चष्मा लागत होता. मागच्या दोन-तीन महिन्यांत चमत्कार झाला, बिलबुक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले! पण दुरून येणाऱ्या टेम्पोचा नंबर वाचता येईना. दूरचा नवीन चष्मा केला, तो महिन्याभरात जुना वाटू लागला, म्हणून पुन्हा बदलला. आता तोही बरोबर वाटत नाही. दोन्ही वेळा नंबर चुकीचा काढला असेल का?
(एक व्यापारी, कोपरखैरणे)

उत्तर : भाऊसाहेब, नंबर दोन्ही वेळा बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि मला काळजी त्याचीच वाटते. तिसरा चष्मा आत्ता करू नका.

पन्नाशीनंतर वाचनाचा चष्मा आपोआप सुटणे ही आनंदाची बातमी नसते. चाळिशी उलटी फिरत नाही. जवळचे दिसू लागले आणि दूरचे गेले, याचा अर्थ डोळा उणे नंबरकडे सरकला आहे, आणि या वयात असे होण्याची दोन कारणे प्रथम आठवावी लागतात. पहिले म्हणजे रक्तातील वाढलेली साखर. साखर दीर्घकाळ चढी राहिली की डोळ्यातील नैसर्गिक भिंगात बदल होतात, ते पाणी धरते आणि त्याची शक्ती बदलते. साखर वर-खाली होईल तसा नंबरही हलत राहतो. म्हणून एकामागून एक चष्मे चुकीचे ठरतात. दुसरे कारण म्हणजे मोतीबिंदूचा एक प्रकार, ज्यात भिंगाचा गाभा घट्ट व पिवळसर होत जातो. त्यातही काही काळ जवळचे विनाचष्मा दिसते, पण तो बदल बहुधा सावकाश, महिन्या-वर्षांच्या चालीने होतो. आपला बदल फार वेगाने झाला आहे, म्हणून माझा संशय साखरेकडे जातो. पहाटेच्या बाजारासाठी रात्री जागणे, वेळी-अवेळी जेवणे आणि दिवसभर चहा या दिनक्रमात मधुमेह वर्षानुवर्षे लक्षात येत नाही, हे मी आपल्या व्यवसायातील अनेकांत पाहिले आहे.

उद्याच उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर व एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) तपासून घ्या. मधुमेह निघालाच, तर औषध सुरू झाल्यावर साखर खाली येताना नंबर पुन्हा उलट दिशेने सरकेल आणि काही आठवडे आपल्याला आणखी विचित्र दिसेल. त्या काळात घाबरून औषध बंद करू नका. असे करणारे रुग्ण मला भेटलेले आहेत. साखर चार ते सहा आठवडे स्थिर राहिली की मग नंबर काढावा.

याच सुमारास नेत्ररोगतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी करून घेणे अत्यंत आवश्यक आहे. प्रौढ वयातील मधुमेह कळतो तेव्हा तो बहुधा आधीपासून शरीरात असतो, म्हणून दृष्टिपटल निदानाच्या वेळीच पाहावे आणि पुढे वर्षातून किमान एकदा, असा नियम आहे. दृष्टिपटलावर रक्तस्राव आणि सूज सुरू झाली तरी रुग्ण पुष्कळ दिवस ६/६ वाचत असतो. नुसत्या नंबरच्या तपासणीत ही गोष्ट सापडणार नाही. तपासणीच्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये, थेंबांचा परिणाम उतरायला चार-सहा तास लागतात.

प्रश्न : माझ्या वडिलांना काचबिंदूने एका डोळ्याची दृष्टी गमवावी लागली. माझे वय ४३. एका शिबिरात डोळ्यावर हवेचा झोत मारून दाब मोजला, तो १६ आला. मी निश्चिंत राहू का?
(एक वाचक भगिनी, कळवा)

उत्तर : निश्चिंत राहू नये. दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा या मर्यादेत असतो हे खरे, परंतु दाब मर्यादेत असूनही दृष्टिचेता झिजत जाणाऱ्या काचबिंदूचे रुग्ण कमी नाहीत. दाब दिवसभरात बदलतो. शिवाय बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ असेल, किंवा चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया झालेली असेल, तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर आपला धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. दृष्टिचेतेच्या मुखाची तपासणी, दृष्टिक्षेत्राची चाचणी आणि डोळ्याच्या कोनाची तपासणी नेत्ररोगतज्ज्ञांकडून करून घ्यावी आणि त्यांनी सांगितलेल्या अंतराने ती पुन्हा करावी. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही, उरलेली सांभाळता येते. आपल्या भावंडांनाही बरोबर न्यावे. आणि डोळे आले, खाज सुटली म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून आपल्या मनाने घालण्याची सवय आपल्या घरात कोणाला असल्यास ती आजच बंद करावी. त्या थेंबांनी दाब वाढतो आणि आपल्या कुटुंबात हा धोका पत्करण्यासारखा नाही.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. वैद्यकीय प्रवेश मिळेल असे वाटत नाही. ऑप्टोमेट्री हा चांगला पर्याय आहे का?
(एक विद्यार्थिनी, नवीन पनवेल)

उत्तर : वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून नाइलाजाने येणार असाल, तर येऊ नका. प्रकाश, भिंगे आणि माणसे या तिन्हींची आवड असेल, तर अवश्य या. ही पदवी देणारी महाविद्यालये जुहू, पुणे आणि अगदी आपल्या पनवेलमध्येही आहेत. प्रवेशापूर्वी दोन गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात : महाविद्यालयाला विद्यापीठाची मान्यता आहे का, आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष किती रुग्ण तपासायला मिळतात. रेटिनोस्कोप पुस्तकातून शिकता येत नाही. शेकडो डोळ्यांत ती प्रकाशाची पट्टी फिरवल्यावर हात बसतो.

पदवीनंतर बहुतेकजण चष्म्याच्या साखळी दुकानांत नोकरी धरतात, कारण पगार लगेच सुरू होतो. त्यात कमीपणा नाही. पण या विषयातील जी कामे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, ती तेथे क्वचितच होतात. आळशी डोळा असलेल्या मुलाचा चांगला डोळा पट्टीने झाकून दुर्बल डोळ्याला कामाला लावणे. हे काम सात-आठ वर्षांच्या आत झाले तर सर्वाधिक फळते आणि त्यासाठी पालकांचा पाठपुरावा महिनोन्‌महिने करावा लागतो. दुसरे म्हणजे क्षीण दृष्टीचे रुग्ण. ज्यांना ‘आता काही होणार नाही’ असे सांगून घरी पाठवलेले असते, त्यांना योग्य शक्तीचा भिंगकाच, हातदुर्बीण, टेबलावर नीट वळवलेला दिवा आणि जाड रेघांची वही देऊन पुन्हा सही करता येते, गोळ्यांच्या पाकिटावरील नाव वाचता येते, देवापुढे बसून पोथी वाचता येते. या कामाला प्रत्येक रुग्णामागे तास-दीड तास लागतो, त्यात पैसा कमी आहे आणि ते करणारे हात आपल्याकडे फार थोडे आहेत. शिकताना या दोन विभागांत आवर्जून वेळ घालवा. रुची टिकली, तर पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते.

प्रश्न : मी रोज दुचाकीने घणसोलीहून ठाण्याला जातो आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो. पावसाळ्यात काय काळजी घ्यावी? डोळ्यात पाणी गेले तर लेन्स नळाखाली धुऊन पुन्हा घातली तर चालते का?
(एक वाचक, घणसोली)

उत्तर : चालत नाही. नळाचे, टाकीचे, पावसाचे, कोणतेही पाणी लेन्सला लागता कामा नये. साध्या पाण्यात अकॅन्थअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून बुबुळात शिरला तर असह्य वेदना होतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि दृष्टी गमावण्याची वेळ येऊ शकते. लेन्स फक्त तिच्या द्रावणानेच धुवावी, द्रावण रोज नवे घ्यावे, कालच्यात भर घालू नये, आणि डबी दर तीन महिन्यांनी बदलावी. लेन्स हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. लेन्स घालून पोहू नये आणि झोपू नये. हेल्मेटची काच बंद ठेवावी. जोराच्या पावसात किंवा डोळ्यांची साथ असताना त्या दिवसांपुरता चष्माच बरा, म्हणून योग्य नंबरचा चष्मा नेहमी जवळ असावा.

डोळा लाल होऊन दुखू लागला, प्रकाश सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी आणि दुसऱ्या डोळ्याचीही वापरू नये. काढलेली लेन्स आणि तिची डबी फेकून न देता बरोबर घ्यावी आणि त्याच दिवशी नेत्ररोगतज्ज्ञांना दाखवावी. बुबुळातील संसर्ग कोणत्या जंतूचा आहे हे शोधताना प्रयोगशाळेला तिचा उपयोग होतो.